अन्वस्ताचे दोन बिंदू

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात धाम नदी लागते आणि तिच्या काठावरचे पवनार दृष्टीस पडते. नदीच्या पात्रात काळे खडक आहेत, वर काठावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. सुट्टीच्या दिवशी येथे येणारी मुले खडकांवर उभी राहून पाण्यात दगड भिरकावतात. दगड तिरका वर चढतो, माथ्यावर क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो आणि चढला होता त्याच डौलाने पाण्याकडे उतरतो. हवेत उमटून पुसली गेलेली ही रेघ गणिताला दोन हजारांहून अधिक वर्षे परिचित आहे. मराठी गणितात तिला 'अन्वस्त' म्हणतात. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली नातवंडे तिला 'पॅराबोला' या नावाने ओळखतात.

दहावी-बारावीनंतर ही रेषा बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती घराच्या गच्चीवर असते, मोटारीच्या दिव्यात असते आणि दुकानाच्या हिशेबातही असते. तिच्यातील दोन बिंदू विशेष महत्त्वाचे आहेत. एक शिरोबिंदू, म्हणजे जिथे वक्र वळतो ते स्थान. दुसरा नाभी, म्हणजे वक्राच्या कुशीत दडलेला एक अदृश्य बिंदू. शिरोबिंदू 'कुठे थांबावे' हे शिकवतो आणि नाभी 'विखुरलेले एकत्र कसे आणावे' हे शिकवते. व्यापारी कुटुंबांना या दोन्ही धड्यांचा उपयोग आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पवनारचे समीकरण

विषय गणिताचा आणि स्थळ पवनार, ही सांगड वाटते तितकी दूरची नाही. विनोबांना गणिताची अतिशय आवड होती. इंटरच्या परीक्षेसाठी १९१६ साली मुंबईला निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेला उतरून काशीला गेला, पदवी मागे राहिली. गणित मात्र सुटले नाही. १९३८ साली प्रकृतीच्या कारणाने ते पवनारला आले आणि जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहू लागले. याच पवनारहून मार्च १९५१ मध्ये ते पायी तेलंगणाकडे निघाले आणि पुढे भूदानाचा उगम झाला. त्या चळवळीतही हिशेब होता : देशातील तीस कोटी एकर शेतजमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर. 'समणसुत्तं' या ग्रंथाच्या संकलनामागची प्रेरणा विनोबांची होती, हे आपल्या समाजाला ठाऊक आहेच.

विनोबा आपले विचार पुष्कळदा समीकरणाच्या रूपात मांडत. विज्ञानाला अहिंसेची जोड मिळाली तर सर्वांचा उदय होतो, हिंसेची जोड मिळाली तर सर्वांचा नाश होतो, हे त्यांचे आवडते समीकरण होते. या समीकरणाचे उदाहरण म्हणून गणितातील एखादी आकृती निवडायची झाली, तर अन्वस्ताहून योग्य आकृती मला दिसत नाही. तिचा इतिहास तोफगोळ्यापासून अन्नछत्रापर्यंत पसरला आहे.

तोफगोळ्याची वाट

फेकलेली वस्तू अशीच का वळते? तिच्या अंगी एकाच वेळी दोन गती असतात. आडवी गती एकसारखी राहते. पहिल्या सेकंदात जितके अंतर, तितकेच दुसऱ्या आणि तिसऱ्या सेकंदात. उभी गती मात्र पृथ्वीच्या ओढीने बदलत जाते. स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर आणि तीन सेकंदांत ४४.१ मीटर खाली येते. म्हणजे काळ एकपट, दुप्पट, तिप्पट होतो तेव्हा पडण्याचे अंतर एकपट, चौपट, नऊपट होते. एक राशी साध्या क्रमाने वाढते आणि दुसरी तिच्या वर्गाच्या क्रमाने वाढते, तेव्हा जी रेषा तयार होते ती अन्वस्त. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात तिचा आकार थोडा बिघडतो, परंतु मूळ स्वभाव हाच.

युरोपात या वाटेचा अभ्यास सुरू झाला तो बव्हंशी तोफांसाठी. इटलीतील तार्ताल्या याने १५३७ साली तोफेच्या माऱ्यावर ग्रंथ लिहिला आणि तोंड ४५ अंशांत रोखले असता गोळा सर्वांत दूर जातो, असे सांगितले. गोळ्याची वाट अन्वस्ताची असते हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. निसर्गाचा एक सुंदर नियम माणसाच्या हाती आला आणि त्याचा पहिला मोठा ग्राहक तोफखाना ठरला.

आपल्याकडे शंकूच्या छेदातून निघणाऱ्या आकृतींपैकी लंबवर्तुळाकडे एका जैन गणितज्ञाचे लक्ष गेले होते, याचा येथे उल्लेख केला पाहिजे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात 'आयतवृत्त' या नावाने लंबवर्तुळाचा परीघ व क्षेत्रफळ यांचा विचार आहे आणि वर्गसमीकरणाची उदाहरणेही विपुल आहेत. लंबवर्तुळ हे अन्वस्ताचे भावंड आणि वर्गसमीकरण हा अन्वस्ताचा प्राण. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. आपल्या ग्रंथभांडारात तो असेल, तर नातवंडांसोबत जरूर चाळावा.

दुकानातील शिरोबिंदू

आता तोफखान्यातून दुकानात येऊ. समजा, एका कापड दुकानात विशिष्ट प्रकारची साडी ५०० रुपयांना विकली असता महिन्याला १०० नग जातात. भाव १०० रुपयांनी वाढवला की २० गिऱ्हाइके कमी होतात आणि १०० रुपयांनी उतरवला की २० वाढतात. भाव ४०० असता १२० नग आणि विक्री ४८,००० रुपये. भाव ५०० असता १०० नग आणि विक्री ५०,०००. भाव ६०० असता ८० नग आणि विक्री पुन्हा ४८,०००. भाव ७०० केला तर ६० नग आणि विक्री ४२,०००. हे आकडे आलेखावर मांडले तर माथा वर असलेले अन्वस्त तयार होते. त्याचा माथा ५०० रुपयांवर आहे.

विक्री म्हणजे नफा नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. साडीची खरेदी ३०० रुपयांची धरली, तर ५०० रुपये भावाला नफा २०,००० रुपये होतो. नफ्याचे अन्वस्त वेगळे असते आणि त्याचा माथा ६५० रुपयांवर येतो. तेथे ७० नग जातात आणि नगामागे ३५० रुपयांप्रमाणे नफा २४,५०० रुपये होतो. त्यापुढे भाव वाढवला की नफाही घसरू लागतो. ८०० रुपयांना तो परत २०,००० वर येतो. सर्वाधिक विक्रीचा भाव आणि सर्वाधिक नफ्याचा भाव एकच असतो असे समजणारे अनेक जण असतात. ही दोन अन्वस्ते त्यांनी शेजारी-शेजारी काढून पाहावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अन्वस्त माथ्याजवळ जवळजवळ सपाट असते. आपल्या उदाहरणात भाव ६५० ऐवजी ६०० ठेवला, तर नफा २४,५०० ऐवजी २४,००० होतो. नुकसान केवळ ५०० रुपयांचे, म्हणजे सुमारे दोन टक्के. त्या बदल्यात ७० ऐवजी ८० गिऱ्हाइके दुकानाची पायरी चढतात आणि प्रत्येकाचे ५० रुपये वाचतात. माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा गाठण्यासाठी केलेल्या ओढाताणीतून पदरात फारच थोडे पडते. आपले वाडवडील आलेख काढत नसत, तरी गिऱ्हाईक तोडू नये आणि शेवटचा पैसा ओढू नये, हे त्यांना उमगले होते. परिग्रहाची मर्यादा हे व्रत म्हणून आपण ऐकत आलो. गणिताच्या दृष्टीनेही ती शहाणपणाची आहे. प्रत्यक्ष बाजारात मागणीची रेषा इतकी सरळ नसते. तरीही माथा असतो आणि माथ्याजवळ सपाटी असते, हे दोन निष्कर्ष बहुतेक ठिकाणी टिकतात.

कागदाच्या घडीतून नाभी

दुसरा बिंदू डोळ्यांना दिसत नाही, पण तो घरच्या घरी शोधता येतो. एक कोरा कागद घ्या. खालच्या कडेपासून चार-पाच बोटे वर, मधोमध एक ठिपका द्या. आता खालच्या कडेवरील कोणताही एक बिंदू त्या ठिपक्यावर येईल अशी घडी घाला, नीट दाबा आणि कागद उलगडा. कडेवरचे वेगवेगळे बिंदू निवडून अशा वीस-पंचवीस घड्या घाला. त्या घड्यांच्या जाळीतून एक सुबक वक्र आपोआप उमटेल. ते अन्वस्त. दिलेला ठिपका ही त्याची नाभी. वक्रावरील प्रत्येक बिंदू नाभीपासून जितका दूर, तितकाच कागदाच्या खालच्या कडेपासून दूर असतो.

या समान अंतराच्या नियमातून एक विलक्षण गुण निर्माण होतो. अन्वस्ताच्या आकाराचा आरसा केला आणि त्याच्या अक्षाला समांतर किरण त्यावर पडले, तर ते सारे परावर्तित होऊन नाभीत एकत्र येतात. उलट नाभीत दिवा ठेवला तर त्याचे किरण समांतर होऊन दूरवर जातात. मोटारीच्या आणि विजेरीच्या दिव्यात हीच युक्ती असते. गच्चीवरील दूरचित्रवाणीची थाळी आकाशातील क्षीण लहरी गोळा करून पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या डबीत आणून सोडते. ती डबी नाभीत बसवलेली असते. थाळी पूर्ण गोल न दिसता किंचित लांबट दिसते, कारण ती मोठ्या अन्वस्ताच्या एका बाजूचा तुकडा असते.

थाळीची नाभी कुठे आहे हे मोजपट्टीने काढता येते. थाळीच्या त्रिज्येचा वर्ग करावा आणि त्याला खोलीच्या चौपटीने भागावे. घरगुती सौरचुलीची १४० सेंटिमीटर व्यासाची थाळी ४४ सेंटिमीटर खोल असेल, तर ७० गुणिले ७० म्हणजे ४,९००, भागिले १७६. उत्तर सुमारे २८ सेंटिमीटर. थाळीच्या तळापासून इतक्या उंचीवर भांडे ठेवावे. साध्या कढईचा आकार असा नेमका नसतो, म्हणून चकचकीत कढईत किरण एका बिंदूत येत नाहीत.

आकाशाकडे वळलेल्या थाळ्या

या नाभीचा उपयोग महाराष्ट्रात किती उंचीवर गेला आहे, हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव परिसरात जावे. तेथील आर्वी येथे (आपल्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी वेगळी) १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे ३० मीटर व्यासाच्या थाळीतून परदेशांशी दळणवळण होऊ लागले. त्या केंद्राला विक्रम साराभाई यांचे नाव आहे. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील या शास्त्रज्ञाने भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घातला, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे असे आहे.

जवळच खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या; त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप यांची सुरुवात किती काटकसरीची होती! त्यांनी १९६५ साली कल्याणला पहिली रेडिओ दुर्बीण उभारली, ती ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या जुन्या ३२ थाळ्यांची. प्रत्येक थाळी जेमतेम १.८ मीटरची. पुढे खोडदच्या थाळ्यांना भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची बारीक जाळी ताणून बसवण्याची कल्पना त्यांनी अमलात आणली. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा पुष्कळ मोठी, त्यामुळे लहरी जाळीवरून परततात. वारा मात्र छिद्रांतून निघून जातो. वजन घटले, वाऱ्याचा जोर घटला, खर्चही घटला. जे जिथे आवश्यक नाही ते तिथे घालायचे नाही, हा हिशेब कोणत्याही चोख व्यापाऱ्याला पटेल. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला सर्वसामान्यांसाठी प्रदर्शन भरते.

नाभीत शिजणारे अन्न

आकाशातील लहरींऐवजी उन्हाचे किरण गोळा केले की तीच थाळी चूल होते. प्रखर उन्हात सूर्यासमोर धरलेल्या दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट उष्णता पडते. ती विखुरलेली असते म्हणून अंगणात पोळ्या भाजल्या जात नाहीत. नाभीत एकवटली की पाणी उकळते.

अडचण इतकीच की सूर्य सरकतो आणि त्याबरोबर थाळी सतत फिरवावी लागते. तंत्रज्ञ वोल्फगांग शेफलर यांनी मोठ्या अन्वस्ताच्या बाजूचा तुकडा घेऊन, पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर तो घड्याळाच्या गतीने फिरेल आणि नाभी मात्र एकाच जागी राहील, अशी रचना केली. ऋतुमानाप्रमाणे थाळीची वक्रताही थोडी बदलता येते. त्यामुळे थाळी बाहेर आणि चूल आत, हे शक्य झाले.

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने आपल्या प्रसादालयावर अशा ७३ थाळ्या बसवल्या. प्रत्येकीचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. जुलै २००९ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. थाळ्यांच्या नाभीत पाण्याची वाफ होते आणि नळांवाटे स्वयंपाकघरात जाते. दिवसाला पन्नास हजार भाविकांचे अन्न शिजवण्याची तिची क्षमता सांगितली गेली. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये, त्यात केंद्र सरकारचे अनुदान सुमारे ५८ लाख. वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅसची बचत अपेक्षित होती. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे हे सात हजार सिलिंडर झाले.

बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात हयात गेल्यामुळे अपेक्षित बचतीचा आकडा दिसला की तो निम्मा करून पाहण्याची सवय जडली आहे. गॅसचा भाव केवळ उदाहरणादाखल किलोमागे ५० रुपये धरला, बचत निम्मीच म्हणजे ५० हजार किलो धरली आणि अनुदान शून्य धरले, तरी वर्षाला २५ लाख रुपये वाचतात आणि मूळ खर्च सव्वापाच वर्षांत भरून निघतो. देखभालीचा खर्च यातून वजा करावा लागेल. तरीही हा प्रस्ताव फेटाळावा असा वाटत नाही.

आपल्या संस्थांपुढील प्रश्न

आपल्या समाजाच्या भोजनशाळा, धर्मशाळा आणि वसतिगृहे गावोगावी आहेत. तेथे दोन गोष्टी रोजच्या असतात : सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि उकळलेले पाणी. दिवसा शिजवायचे आणि दिवसाच जेवायचे, असा नेम पाळणाऱ्या समाजाला उन्हाची चूल जितकी सोयीची, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. विदर्भाचे ऊन तर आपण आठ महिने केवळ सोसत असतो.

एक पेच मात्र मोकळेपणाने मांडला पाहिजे. चातुर्मासात साधुसाध्वींच्या वास्तव्यामुळे आणि तपश्चर्येमुळे उकळलेल्या पाण्याची गरज सर्वाधिक असते आणि नेमके त्याच वेळी आभाळ भरलेले असते. म्हणून सौरयंत्रणेने गॅस पूर्णपणे बंद होईल, असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. पावसाळ्याचे चार महिने वगळून आठ महिन्यांचाच हिशेब मांडावा. थाळ्या पुसायला, त्यांची दिशा लावायला आणि बिघाड दुरुस्त करायला एक जबाबदार माणूस नेमावा, कारण धुळीने माखलेला आरसा किरण परतवीत नाही. नाभीतील प्रखर उजेड डोळ्यांना आणि हातांना इजा करतो. तेथे मुलांना जाऊ देऊ नये, झाकण व कठडा असावा. काम संपले की थाळी सूर्यापासून वळवून ठेवावी.

थाळीला स्वतःची इच्छा नसते. नाभीत जे ठेवू, ते ती तापवते. गोळ्याची वाट आखणारे गणित आणि भुकेल्याची भाकरी शिजवणारे गणित एकच आहे. विज्ञानाला कोणती जोड द्यायची, हा पवनारचा प्रश्न म्हणूनच जुना होत नाही. आपल्या संस्थेच्या पुढील बैठकीत विश्वस्तांनी तीन आकडे मागवावेत : गच्चीवर सावलीविना किती चौरस मीटर जागा आहे, वर्षाला गॅसचे बिल किती येते आणि दुपारी किती पाने उठतात. बाकीचे गणित एका कागदावर मावते.